वजा चिन्ह कंसात शिरतं तेव्हा : सोलापूरच्या वाचकांचे बीजगणिताचे प्रश्न

या अंकासाठी आलेली बहुतेक पत्रं सोलापूरची आहेत, आणि लिहिणारे बहुतेक जण नोकरीधंदा सांभाळून संध्याकाळच्या वर्गाला बसणारे. कुणी कम्युनिटी कॉलेजच्या पायाभूत गणिताला नाव घातलंय, कुणी सतरा नंबरचा (शाळेत न जाता बाहेरून बसण्याचा) फॉर्म भरून दहावीला बसणार आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. पुस्तकात जिथे एक्स आणि वाय असतात तिथे आम्ही क्ष आणि य छापतो. गणित तेच.

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहे. वय ३८, शाळा सुटून बावीस वर्षं झाली. कम्युनिटी कॉलेजचा बीजगणिताचा वर्ग महिन्याभरात सुरू होतोय. तोवर काय उजळणी करू? पुतण्या म्हणतो, सरळ बीजगणिताचं पुस्तक उघडा.

उत्तर : या बाबतीत पुतण्याचं ऐकू नका. बीजगणितात अडणारे पुष्कळ जण खरं तर अंकगणितात अडलेले असतात. दुखणं फक्त तिथे बाहेर दिसतं. आधी ही सहा गणितं कॅल्क्युलेटर न घेता, घड्याळ न लावता सोडवा :

७ − १२
−३ − ५
(−४) × (−६)
२० − १२ ÷ ४ × ३
१० − ४ + ३
२/३ + १/४

उत्तरं क्रमाने −५, −८, २४, ११, ९ आणि ११/१२. किती चुकली यापेक्षा चुकून काय आलं ते बघा, कारण दुखणं त्यातच कळतं.

दुसऱ्याचं उत्तर ८ आलं असेल, तर ‘वजा वजा अधिक’ हे वाक्य तुमच्या डोक्यात भलत्या जागी बसलंय. ते गुणाकार-भागाकाराला लागू आहे, किंवा वजा संख्या वजा करताना. −३ − ५ मध्ये यातलं काहीच घडत नाही. वजा संख्या शिकवताना पुस्तकं थर्मामीटर दाखवतात, पण सोलापुरात पारा शून्याखाली जायचा प्रश्नच नाही. त्यापेक्षा उधारीची वही घ्या. किराणावाल्याचे ३ रुपये देणं होतं, आणखी ५ ची उधारी झाली, एकूण देणं ८, म्हणून −८. आता −३ − (−५) बघा. ३ चं देणं आहे आणि ५ चं देणं कुणीतरी खोडलं, म्हणजे तुम्ही २ ने वर. हे आमचं डोकं नव्हे. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये वजा संख्यांचे नियम लिहिले ते ‘धन’ आणि ‘ऋण’ याच शब्दांत, आणि ऋण म्हणजे कर्ज.

चौथ्याचं उत्तर ६ आलं तर तुम्ही डावीकडून सरळ वाचत गेलात. १९ आलं तर ४ × ३ आधी केलंत. पाचव्यात ३ येणाऱ्यांना मात्र दोष देववत नाही, कारण त्यांनी शाळेत घोकलेलं ‘कंचेभागुबेव’ इमानाने पाळलेलं असतं. कंस, चे (‘चोवीसाचे पाऊण’ यातला), भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. त्यात बेरीज वजाबाकीच्या आधी येते, म्हणून ते ४ + ३ आधी करून ७ वजा करतात. प्रत्यक्षात बेरीज आणि वजाबाकी एकाच पायरीवर आहेत, डावीकडून जे आधी येईल ते आधी. भागाकार-गुणाकारही एकाच पायरीवर आहेत, पण तिथे ‘भा’ आधी धरल्याने उत्तर बिघडत नाही. गाडी घसरते ती ‘बेव’वर. ते दोन अक्षरी जोडपं एकत्र उच्चारा, पण एकाला मोठं समजू नका.

सहाव्यात ३/७ आलं, म्हणजे अंशात अंश आणि छेदात छेद मिळवलात. २/३ एकट्याच ३/७ पेक्षा मोठ्या आहेत, मग त्यात भर घातल्यावर उत्तर कमी कसं होईल? एवढी शंका मनात आली तरी निम्मं काम झालं.

महिन्याची वाटणी अशी करा : पहिले दहा दिवस फक्त वजा चिन्ह, पुढचे दोन आठवडे अपूर्णांक, उरलेल्या दिवसांत पदावल्या, म्हणजे वरच्या चौथ्या-पाचव्यासारखी एकाहून जास्त क्रियांची गणितं. पाढे १२ पर्यंत पक्के असले तरी पुरे. घरात कुणा वडीलधाऱ्यांना पावकी-निमकी-पाऊणकी येत असेल तर त्यांच्या शेजारी बसा. ‘चोवीसाचे पाऊण’ ऐकताच ज्याच्या तोंडून अठरा निघतात, त्याला ३/४ ची भीती वाटत नाही.

प्रश्न : एका गणितात क्ष ची किंमत ५ येते, पुढच्यात १२. मग क्ष म्हणजे नक्की किती? आणि ५क्ष + ३ याचं ८क्ष का करायचं नाही? (अशोक चौक आणि विजापूर वेस इथल्या दोन वाचकांचा प्रश्न.)

उत्तर : क्ष ची स्वतःची किंमत काहीच नसते. प्रत्येक गणित त्याला नवं काम देतं आणि गणित संपलं की त्याची सुट्टी होते. तो दोन तऱ्हेची कामं करतो. शिलाईच्या युनिटमध्ये रोजचे १५० रुपये ठरलेले आणि नगामागे १२ रुपये असतील, तर दिवसाची कमाई १५० + १२न. इथे न रोज बदलतो, आज २० तर उद्या ३५, म्हणून त्याला चल म्हणतात. पण ‘आज ५१० रुपये मिळाले’ असं म्हटलं की १५० + १२न = ५१० झालं आणि न अडकला. तो आता ३० च असू शकतो. पहिली राशी, दुसरं समीकरण. राशीची किंमत काढता येते, उकल निघते ती समीकरणाची.

एक जुनी गोंधळाची जागा अशी की अक्षर वस्तूसाठी धरलं जातं. ‘ट म्हणजे टॉवेल’ असं मनात ठेवलं की ३ट म्हणजे तीन टॉवेल वाटतात, आणि पुढे ट ची किंमत ९० आली की काहीच कळेनासं होतं. अक्षर नेहमी संख्येसाठी असतं : टॉवेलांची संख्या, किंवा एका टॉवेलची किंमत. दोन्हीपैकी कुठली ते पहिल्याच ओळीत लिहून टाका. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या ‘बीजगणित’ ग्रंथात अज्ञात संख्येला ‘यावत्तावत्’ म्हटलंय, म्हणजे ‘जेवढी असेल तेवढी’, आणि एकाहून जास्त असल्या तर रंगांची नावं दिलीत : कालक, नीलक, पीतक. जेवढी असेल तेवढी, हे क्ष चं इतकं नेमकं वर्णन आम्हाला दुसरीकडे सापडलेलं नाही.

आता ५क्ष + ३. यातले ५क्ष म्हणजे पाच वेळा ‘जेवढी असेल तेवढी’, आणि ३ म्हणजे फक्त तीन. ही विजातीय पदं, ती एकत्र होत नाहीत. पटत नसेल तर क्ष च्या जागी ३ घाला : ५ × ३ + ३ = १८, पण ८ × ३ = २४. संशय आला की किंमत घालून बघणं ही उत्तम सवय, फक्त ०, १ आणि २ घालू नका. क्ष = १ घातलंत तर ५ + ३ = ८ आणि ८ × १ = ८, दोन्हीकडे सारखंच येतं आणि चुकीचं गणित बरोबर ठरतं. २ ची खोड वेगळी आहे. २ चा वर्ग ४ आणि २ ची दुप्पटही ४, त्यामुळे क्ष² आणि २क्ष यांतला फरक तो लपवून ठेवतो. ३ किंवा ५ घ्या.

प्रश्न : ‘बरोबरच्या पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं’ हे पाठ आहे, तरी निम्मी समीकरणं चुकतात. कुठे चुकतंय?

उत्तर : ते वाक्यच अर्धवट आहे. काहीही कुठे ‘जात’ नाही. दोन्ही बाजूंना एकच क्रिया करतो, त्याची ती शाळेतली आखूड बोली आहे. ३क्ष + ७ = २२ घ्या. दोन्हीकडून ७ वजा केले, ३क्ष = १५. दोन्हीकडे ३ ने भागलं, क्ष = ५. आता वाक्य पाठ असलेला विद्यार्थी ३क्ष = १५ वर येतो, ३ ‘पलीकडे नेतो’ आणि चिन्ह बदलून क्ष = १५ − ३ = १२ लिहितो. दुसरा भागाकार करतो, पण चिन्ह बदलायचं म्हणून −३ ने, आणि −५ काढतो. बदलते ती क्रिया. मिळवलेलं असेल ते वजा होतं, गुणलेलं असेल त्याने भागावं लागतं. ३क्ष मध्ये ३ गुणलेला आहे, त्याचं धन-ऋण चिन्ह आहे तसंच राहतं.

आता या सदराला जिने नाव दिलं ती चूक जवळून बघू.

५(क्ष − २) − ३(क्ष − ४) = १८

कंस सोडवले : ५क्ष − १० − ३क्ष + १२ = १८
सजातीय पदं एकत्र : २क्ष + २ = १८
दोन्हीकडून २ वजा : २क्ष = १६
दोन्हीकडे २ ने भागलं : क्ष = ८

ताळा : ५ × ६ − ३ × ४ = ३० − १२ = १८. जमलं.

चूक जवळजवळ नेहमी पहिल्याच ओळीत होते. कंसाबाहेर फक्त ३ नाही, −३ आहे, आणि त्याने आतल्या दोन्ही पदांना गुणायचं. (−३) × (−४) = +१२. तिथे −१२ लिहिलंत तर २क्ष − २२ = १८ होऊन क्ष = २० येतो. ३ ने दुसऱ्या पदाला गुणायचंच विसरलात आणि −३क्ष − ४ लिहिलंत, तर क्ष = १६. दोन्ही उत्तरं दिसायला छान पूर्ण संख्या, म्हणून संशयही येत नाही. ताळा केला की २० ला डावी बाजू ९० − ४८ = ४२ निघते आणि १६ ला ७० − ३६ = ३४. दोन्ही १८ नाहीत. ताळ्याला अर्धा मिनिट लागतो. तो नेहमी मूळ समीकरणात करायचा, मधल्या ओळीत नाही, कारण मधल्या ओळीत चूक आधीच घुसलेली असते.

उपाय साधा आहे. कंसाबाहेर वजा दिसला की वजासकट त्या संख्येला पेन्सिलीने गोल करा आणि तिथून आतल्या प्रत्येक पदाकडे एक-एक बाण काढा. दोन पदं, दोन बाण. ही बालिश वाटणारी खूण दोनतीन आठवडे चालू ठेवा.

शेवटी −क्ष = ४ वर येऊन थांबणारेही आहेत. आपल्याला क्ष हवा, −क्ष नव्हे. दोन्हीकडे −१ ने गुणा, क्ष = −४.

आणखी एक. वहीत ‘१५ × १२ = १८० + १५० = ३३०’ असं लिहिता का? हिशेब बरोबर असला तरी लिहिणं चूक आहे, कारण त्या ओळीनुसार १५ × १२ म्हणजे ३३०. दुकानातल्या पाठकोऱ्या कागदावर चालून जातं. बीजगणितात ‘=’ म्हणजे ‘आता उत्तर लिहा’ नव्हे, ‘दोन्हीकडे सारखंच आहे’. एका ओळीत एकच बरोबर, आणि बरोबरखाली बरोबर. वही लवकर संपते, संपू द्या.

प्रश्न : समीकरणात छेद आले की हातच चालत नाही. आणि कधी छेद काढून टाकलेले चालतात, कधी सर त्यावर काट मारतात. असं का? (होटगी रोड)

उत्तर : क्ष/३ + क्ष/४ = १४ यात छेद घालवता येतात. ३ आणि ४ यांचा लसावि (दोघांनी भाग जाणारी सर्वांत लहान संख्या) १२, म्हणून प्रत्येक पदाला १२ ने गुणा : ४क्ष + ३क्ष = १६८, ७क्ष = १६८, क्ष = २४. ताळा ८ + ६ = १४. ‘प्रत्येक पदाला’ यात उजवीकडचे १४ सुद्धा आले. ते गुणायचे राहिले की ७क्ष = १४ आणि क्ष = २. उजवीकडे छेदच नसल्याने डोळा त्यावरून घसरतो, म्हणून १४ च्या खाली पेन्सिलीने १ लिहून ठेवा.

सरांनी काट मारली ते गणित बहुधा नुसतं क्ष/३ + क्ष/४ असं असेल, ‘सरळरूप द्या’ म्हणून दिलेलं. तिथे बरोबर चिन्हच नाही, म्हणजे दुसरी बाजू नाही. १२ ने गुणलंत तर राशीच बारापट झाली, तिची भरपाई करायला पलीकडे कुणी नाही. तिथे छेद सारखे करायचे आणि ठेवायचे : ७क्ष/१२. गणित सुरू करण्याआधी बरोबर चिन्ह आहे का बघा, मग छेदाला हात लावा.

याच पंगतीतली चूक म्हणजे (क्ष + ६)/६ मध्ये वरचा-खालचा ६ खोडून क्ष किंवा क्ष + १ ठेवणं. क्ष = १२ घाला : १८/६ = ३. खोडाखोडीने १२ किंवा १३ येतात. खोडता येतात ते अवयव, म्हणजे गुणलेले. मिळवलेले नाहीत.

प्रश्न : समीकरण दिलं तर सोडवतो, पण शब्दांचं उदाहरण आलं की पान कोरं. दुकान चादरींचं आहे, हिशेब तोंडी येतो, मग हेच का येत नाही? (टिळक चौक)

उत्तर : तोंडी हिशेबात तुम्ही उत्तराकडे चालत जाता. समीकरणात उत्तर सापडलंच आहे असं समजून त्याला नाव द्यायचं आणि पुढचं वाक्य लिहायचं. दुकानदाराला ही उलटी चाल अवघड जाते, कारण माहीत नसलेल्या आकड्यावर व्यवहार करायची त्याला सवय नसते.

तुमच्याच मालाचं उदाहरण घेऊ. भाव सोयीसाठी धरले आहेत. एका गिऱ्हाइकाने ४५० रुपयांच्या चादरी आणि १२० रुपयांचे टॉवेल मिळून ४० नग घेतले, बिल ९,७५० झालं. चादरी किती?

समजा, चादरींची संख्या = च. ‘समजा, चादरी = च’ असं नको, ‘संख्या’ हा शब्द लिहाच. मग टॉवेलांची संख्या = ४० − च. बहुतेक जण इथे अडतात : टॉवेलांसाठी दुसरं अक्षर घेतात आणि मग एकच समीकरण हातात राहतं. एकूण नग माहीत असतील तर ‘उरलेले’ वजाबाकीने लिहा. आता रुपयांचं वाक्य :

४५०च + १२०(४० − च) = ९७५०
४५०च + ४८०० − १२०च = ९७५०
३३०च = ४९५०
च = १५

चादरी १५, टॉवेल २५. ताळा मात्र समीकरणात करू नका, उदाहरणाच्या शब्दांत करा, कारण समीकरणच चुकीचं मांडलं असेल तर त्यातला ताळा जुळूनच येईल : १५ × ४५० = ६,७५०, २५ × १२० = ३,०००, मिळून ९,७५०. आणि नग ४०.

डाव्या बाजूचं प्रत्येक पद रुपयांत आहे का, हेही पाहत चला. च + १२० असं काही दिसलं तर नगांत रुपये मिळवले गेलेत.

मराठी वाक्याचं समीकरण करताना शेवटच्या प्रत्ययाकडे बघा. ‘टॉवेल चादरींच्या तिप्पट आहेत’ यात ‘च्या’ चादरींना लागलाय, म्हणून गुणायचं चादरींच्या संख्येला : ट = ३च. पुष्कळ जण उलट ३ट = च लिहितात, आणि टॉवेल कमी नि चादरी जास्त होऊन बसतात. ‘टॉवेल चादरींपेक्षा १० ने जास्त’ यात ‘पेक्षा’ चादरींना लागलाय, तेव्हा १० चादरींत मिळवायचे : ट = च + १०. मांडल्यावर च ला कुठलाही आकडा देऊन विचारा, कोण जास्त निघालं? वाक्यात जो जास्त तोच जास्त निघायला हवा.

‘क्ष ची तिप्पट आणि ४ यांची बेरीज’ म्हणजे ३क्ष + ४. ‘क्ष आणि ४ यांच्या बेरजेची तिप्पट’ म्हणजे ३(क्ष + ४). दुसऱ्यात ‘बेरजेची’ हा शब्द कंस मागतोय. तो दिसला की आधी कंस लिहा, मग आत काय ते बघा.

प्रश्न : घरी तेलुगू, शाळा मराठी माध्यमाची, आता पुढचं सगळं इंग्रजीत. गणित येतं, प्रश्न कळत नाही. (साखर पेठ)

उत्तर : शब्द मोजकेच आहेत, वहीच्या मागच्या पानावर मावतील. व्हेरिएबल म्हणजे चल, कॉन्स्टंट म्हणजे स्थिरपद, कोइफिशंट म्हणजे सहगुणक, टर्म म्हणजे पद, लाइक टर्म्स म्हणजे सजातीय पदं, एक्स्प्रेशन म्हणजे राशी, इक्वेशन म्हणजे समीकरण, पॉलिनॉमियल म्हणजे बहुपदी. डिग्री म्हणजे कोटी (पैशांची नव्हे, सर्वांत मोठा घातांक). त्याहून महत्त्वाच्या आज्ञा : सिम्प्लिफाय आलं तर सरळरूप द्या, सॉल्व्ह आलं तर उकल काढा, इव्हॅल्युएट आलं तर दिलेली किंमत घालून उत्तर काढा, एक्स्पांड म्हणजे कंस उलगडा, फॅक्टराइझ म्हणजे अवयव पाडा. सिम्प्लिफाय सांगितलेल्या राशीपुढे आपणच ‘= ०’ लिहून क्ष ची किंमत काढणारे प्रत्येक वर्गात असतात. गुण आज्ञेला मिळतात.

एक सापळा फक्त इंग्रजीतला. ‘क्ष पेक्षा ५ ने कमी’ हे मराठीत ज्या क्रमाने बोलतो त्याच क्रमाने लिहायचं : क्ष − ५. इंग्रजीत तेच ‘फाइव्ह लेस दॅन एक्स’ होतं, ५ आधी ऐकू येतो आणि हात ५ − क्ष लिहून मोकळा होतो. ‘सबट्रॅक्ट फाइव्ह फ्रॉम एक्स’चीही हीच गत. लेस दॅन किंवा फ्रॉम आलं की मनातल्या मनात मराठी करा, मग लिहा.

आणि आकडे मनात तेलुगूत मोजत असाल तर खुशाल मोजा. तेलुगूत आधी दशक, मग एकक बोलतात, कागदावर लिहितो त्याच क्रमाने. मराठीत पंचेचाळीस म्हणताना पाच आधी येतात आणि ऐकून लिहिताना ४५ चे ५४ होतात.

प्रश्न : (अ + ब)² चं सूत्र पाठ आहे, पण परीक्षेत हात अ² + ब² च लिहितो.

उत्तर : सूत्राऐवजी १३ चा वर्ग लक्षात ठेवा. १३ म्हणजे १० + ३. अ² + ब² खरं असतं तर १३² = १०० + ९ = १०९ झालं असतं. प्रत्यक्षात १६९. मधले ६० कुठे गेले? १३ फूट बाजूच्या चौरस खोलीत १० बाय १० ची सतरंजी एका कोपऱ्यात सारून अंथरा. समोरच्या कोपऱ्यात ३ बाय ३ चा तुकडा उरतो, पण दोन बाजूंना १० बाय ३ च्या दोन पट्ट्याही उघड्या राहतात. ३० आणि ३०. त्याच २अब. एकदा वहीत चौकोन काढून चारही भागांत क्षेत्रफळं लिहा. (क्ष + ५)(क्ष + २) साठीही तोच चौकोन चालतो : क्ष², २क्ष, ५क्ष, १०. मग अवयव पाडताना तोच उलटा वाचायचा : ज्यांचा गुणाकार १० आणि बेरीज ७, अशा दोन संख्या.

थोडक्यात

*बारा तासांची पाळी असते, रविवारी सहा तास बसलो तर चालेल का?* त्यापेक्षा रोज ४० मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. त्यात आठ गणितं नवी आणि चार मागच्या आठवड्यातली, मिसळून. एकाच तऱ्हेची वीस गणितं ओळीने केली की पद्धत न ओळखताच हात चालतो, आणि परीक्षेत प्रकार मिसळून आले की तो थांबतो. दहा मिनिटं अडलात तर कुठल्या ओळीवर अडलात त्यापुढे फुली करून पुढे जा. दुसऱ्या दिवशी ‘हे गणित येत नाही’ म्हणू नका, फुलीची ओळ सरांना दाखवा.

*मोबाइलवर फोटो काढला की पायऱ्या येतात. वापरू का?* स्वतः सोडवून झाल्यावर, चुकलेली ओळ शोधायला. आधी नको. दुसऱ्याच्या पायऱ्या वाचताना सगळं कळल्यासारखं वाटतं, पण त्या पुन्हा लिहायला बसलं की पहिल्याच ओळीला पेन अडतं.

*सतरा नंबरने दहावीला बसतेय. हा वर्ग संपल्यावर किती उरेल?* दहावीच्या गणितात भाग १ बीजगणित ४० गुणांचा, भाग २ भूमिती ४० चा आणि २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे. भाग १ मध्ये सहा प्रकरणं : दोन चलांतील रेषीय समीकरणे, वर्गसमीकरणे, अंकगणिती श्रेढी, अर्थनियोजन, संभाव्यता, सांख्यिकी. पायाभूत वर्ग तुम्हाला पहिल्या दोघांच्या दारापर्यंत आणून सोडतो. संभाव्यता आणि अर्थनियोजन यांना बीजगणित फार लागत नाही. अपूर्णांक आणि टक्केवारी येऊ लागली की ही दोन प्रकरणं आधी करून टाका, म्हणजे वर्गसमीकरणांना वेळ मिळतो.

*१३क्ष + ११य = ६१ आणि ११क्ष + १३य = ५९ सोडवताना आकडे फार मोठे होतात.* सहगुणक अदलाबदल केलेले दिसले की गुणत बसू नका. दोन्ही समीकरणं मिळवा : २४क्ष + २४य = १२०, म्हणून क्ष + य = ५. मग पहिल्यातून दुसरं वजा करा : २क्ष − २य = २, म्हणून क्ष − य = १. आता क्ष = ३, य = २. वजा करताना दुसऱ्या समीकरणाच्या तिन्ही पदांची चिन्हं बदला. ५९ चं बदलायचं राहतं, आणि मग उजवीकडे २ ऐवजी १२० येऊन बसतात.